एक आकडा, दोन दप्तरं

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाचं रक्त तपासलं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा घटक) १.१ आलं. प्रयोगशाळेच्या यंत्रातून हा आकडा थेट रुग्णालयाच्या संगणकात पोचला, मध्ये कुणाचा हात लागला नाही. पुढचा प्रवास मात्र बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या वळणाचा आहे. संशोधन समन्वयक एका पडद्यावर तो आकडा वाचते आणि दुसऱ्या पडद्यावर चाचणीच्या फॉर्ममध्ये टाइप करते. काही आठवड्यांनी चाचणीवर देखरेख ठेवणारा माणूस, म्हणजे ‘मॉनिटर’, येतो आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते ताडून पाहतो. या कामाला ‘सोर्स डेटा व्हेरिफिकेशन’ असं भारदस्त नाव आहे. एका संगणकातला आकडा दुसऱ्यात नेण्यापायी दोन माणसं राबतात.

मग दोन्ही यंत्रणा सरळ जोडून का टाकत नाहीत? खरं तर जोडणी हा यातला सोपा भाग. रुग्णालयातल्या संगणकांनी एकमेकांशी कोणत्या साच्यात बोलावं, हे ठरवणारी एचएल७ ही संस्था १९८७ पासून काम करते आहे. (नावातला सात म्हणजे संगणकजाळ्यांच्या आराखड्यातला सातवा, सगळ्यात वरचा थर.) तिचं सध्याचं गाजतं मानक एफएचआयआर, उच्चार ‘फायर’. रुग्ण, औषध, तपासणीचा निकाल, प्रत्येकाचा त्यात ठरलेला साचा असतो आणि वेबपान उघडावं तितक्या सहज एखादा निकाल मागवता येतो. संशोधनाच्या बाजूला, चाचण्यांचा डेटा कसा मांडावा हे ठरवणाऱ्या सीडिस्क या संस्थेची मानकं आहेत. शिस्त दोन्ही घरांत आहे, पण प्रत्येकाची आपापली.

अडतं ते अर्थापाशी. १.१ म्हणजे १.१ काय? मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर तोच निकाल मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये ९७ होतो. म्हणून लॉइंक या तपासण्यांच्या कोडयादीत रक्तातल्या क्रिएटिनिनला वजनाच्या हिशोबाने २१६०-० आणि मोलच्या, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या, हिशोबाने १४६८२-९ असे वेगळे कोड आहेत. हे एककांचं कोडं आकडा ८८.४ ने गुणला की सुटतं. वेळेचं तसं नाही. नमुना घेतला ती वेळ, तो प्रयोगशाळेत पोचला ती वेळ आणि निकाल मंजूर झाला ती वेळ, अशा तीन-तीन वेळा नोंदीत असतात. ‘डोस दिल्यानंतर दोन तासांनी’ असं विचारणाऱ्या चाचणीला यातली पहिलीच उपयोगी. आणि वॉर्डात सगळ्या नळ्यांची लेबलं सकाळी एकदमच छापून ठेवली असतील आणि छपाईची वेळच नोंदली गेली असेल, तर तीही खरी नाही.

याहून खोल गोम आहे ती नोंद मुळात का झाली यात. चाचणीत रक्त ठरलेल्या दिवशी घेतात, रुग्ण ठणठणीत असला तरी. रुग्णालयात ते घेतात डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली म्हणून. बोस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या नोंदींवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की अनेक तपासण्यांच्या बाबतीत निकाल काय आला यापेक्षा तपासणी केव्हा केली गेली यावरून रुग्ण जगण्याचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता. पहाटे तीनला मागवलेली रक्ततपासणी म्हणजे त्या वेळी कुणाला तरी काळजी वाटली होती. फॉर्ममध्ये नुसता आकडा उतरला, की ही काळजी गळून पडते. नोंदीत आजारांनाही कोड असतात, पण मला विचाराल तर मधुमेहाच्या कोडपेक्षा तपासणीची ही वेळ जास्त बोलकी आहे. तो कोड कधी निदानासाठी टाकलेला असतो, कधी नुसती शंका फेडण्यासाठी, कधी बिलासाठी.

तरीही जोडणी जमते, फक्त प्रश्न साधा हवा. स्वीडनमध्ये हृदयरोगाची देशव्यापी नोंदवही आधीच होती. ‘टेस्ट’ (TASTE) नावाच्या चाचणीत त्या नोंदवहीतच रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केली. ७,२४४ रुग्ण घेतले आणि विचारलं एवढंच, की हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी शोषून काढल्याने ३० दिवसांतले मृत्यू घटतात का? २०१३ साली उत्तर आलं: नाही. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनेही २०२० मध्ये फॉर्म तोकडा ठेवला आणि पुढचा मागोवा बराचसा आरोग्यसेवेच्या नोंदींतून घेतला. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे तिने काही महिन्यांत दाखवलं. दोन्हीकडे मोजायचा होता मृत्यू, आणि त्याच्या एककावरून वाद होत नाही.

थकवा, चक्कर, ‘थोडं बरं वाटतंय’ हे अजून कुठल्याच साच्यात नीट बसत नाही. ते डॉक्टरांच्या मोकळ्या मजकुरात पडून असतं.

शिवाय नोंदी स्थिर नसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १९९७ च्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद कुणी, केव्हा बदलली याचा माग राहावा लागतो आणि जुना आकडा पुसून चालत नाही. समजा, प्रयोगशाळेला चूक सापडली आणि तिने १.१ चा १.७ केला. चाचणीत तो आकडा आधीच गेलेला आहे, डेटाबेस लॉक झाला आहे (म्हणजे त्यात आता बदल करायचे नाहीत), विश्लेषण सुरू आहे. दुरुस्तीचा निरोप यंत्रणेने आपोआप पुढे पाठवायचा, की माणसाने आधी पाहायचा? जोडणी करणाऱ्यांच्या बैठकांत याच प्रश्नावर चहा गार होतो.