नाकातलं शिसं: लढाऊ विमानांच्या बाल्सा प्रतिकृतींची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सोपविथ कॅमल विमानाचं इंजिन, वैमानिक, दोन मशीनगन आणि इंधनाची टाकी हे सगळं पुढच्या सुमारे सात फुटांत कोंबलेलं होतं. नाक आखूड असूनही विमानाचा तोल राहायचा, कारण त्या नाकात जडशीळ रोटरी इंजिन होतं. त्याच कॅमलची दीड फूट पंखविस्ताराची प्रतिकृती करायला घ्या. नाक तितकंच आखूड राहतं, पण आत बसते काही ग्रॅमची मोटर. साहजिकच मागची बाजू जड होऊन विमान शेपटीवर बसतं.

हा प्रश्न रेडिओने चालवायच्या प्रतिकृतींच्याही आधीचा आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोंस पेनो याने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान सुमारे ११ सेकंद उडवलं. ते आपोआप स्थिर राहिलं ते मागच्या आडव्या शेपटीमुळे. पुढे अमेरिकेत पॉल गिलो या माजी नौदल वैमानिकाने १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफील्डला कंपनी काढली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे तिचे बाल्सा या हलक्या लाकडाचे जोडणी-संच दहा सेंटला मिळत, आणि १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्गने अटलांटिक ओलांडल्यावर मुलांची त्यांच्यावर झुंबड उडाली. दुसऱ्या महायुद्धात मात्र इक्वेडोरहून येणारा बाल्सा जीवरक्षक तराफ्यांकडे आणि मॉस्किटो या खऱ्याखुऱ्या लढाऊ विमानाच्या सांगाड्याकडे वळला. खेळण्यांच्या वाट्याला पुठ्ठा आला.

रबरावरच्या या विमानांत रबराची लड नाकापासून पार शेपटीजवळ जायची. म्हणजे मागे वजन आलंच, आणि ते तोलायला नाकात शिसं किंवा माती भरावी लागे.

रेडिओ आला तो वजनाचं ओझं घेऊनच. वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू इथे उडवलेलं ‘गफ’ हे रेडिओवर चालणारं विमान तब्बल आठ फूट पंखांचं होतं. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा) रिसीव्हर आणि त्याच्या बॅटऱ्या उचलायला तेवढे पंख हवेतच. रेडिओची लढाऊ विमानं तळहाताएवढ्या नाकाची होऊ शकली ती फार नंतर, ग्रॅममध्ये मोजता येणारे सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि लिथियम पॉलिमर बॅटरी हाताशी आल्यावर. माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा बदल हाच. बॅटरी हीच आता सर्वांत जड वस्तू असते आणि ती पुढे-मागे सरकवता येते. निम्मं शिसं तिथेच वाचतं.

उरलेलं शिसं लाकूड निवडतानाच वाचवायचं. बाल्साच्या एकाच मापाच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक सहज निघतो. प्रत्येक पट्टी काट्यावर ठेवावी, हलकी शेपटीला, मजबूत पंखाच्या कण्याला. डाव्या-उजव्या पंखांना जोडीची. आखूड नाकाच्या विमानात शेपटीवर एक ग्रॅम वाढला की नाकात साधारण तीन ग्रॅम घालावे लागतात, त्यामुळे शेपटीवरचा रंगसुद्धा पातळच द्यावा.

साध्या एकपंखी विमानात गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर येतो. तिथे दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. बॅटरी बसवलेली हवी, प्रोपेलरही. कॅमलमध्ये मात्र वरचा पंख खालच्याच्या पुढे सरकलेला आहे, तेव्हा तिथे एकाच पंखावरून मोजू नये, प्लॅनवर दिलेली खूणच धरावी.