अमेरिकेतलं बंद दत्तक (१९४५ ते १९७३)

बंद दत्तक ही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पक्की झालेली पद्धत. यात मूल एकदा दत्तक गेलं की जन्मदात्या आईचं नाव, बाळाचं मूळ नाव, कोर्टाचे कागद सगळं सील व्हायचं, आणि आई, मूल आणि दत्तक घेणारं जोडपं यांच्यापैकी कुणालाच पुढे दुसऱ्याचा पत्ता लागू नये अशी सोय कायद्यानेच केलेली असायची. साधारण १९४५ ते १९७३ हा तिचा भराचा काळ आणि या काळात पंधरा लाखांच्या आसपास बाळं अनोळखी घरात गेली असा अंदाज सांगतात. यातली बरीचशी बाळं अनाथ नव्हती, हे आधीच सांगायला हवं. त्यांच्या आया जिवंत होत्या, फक्त लग्न झालेलं नव्हतं.

आधी काय होतं

अमेरिकेचा कायदा इंग्लंडच्या कॉमन लॉवर (न्यायाधीशांच्या जुन्या निकालांतून बनलेल्या कायद्यावर) उभा आणि त्यात दत्तक हा प्रकारच नव्हता, खुद्द इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा व्हायला १९२६ उजाडलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५१ मध्ये कायदा केला, त्यात न्यायाधीशाने आधी हे घर मूल सांभाळण्यालायक आहे का याची खात्री करून घ्यायची अशी अट होती. म्हणजे विचार वारसाचा नाही, मुलाच्या भल्याचा, आणि त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती. प्रत्यक्षात मात्र बरीच वर्षं कारभार ढिलाच राहिला. १८५४ पासून १९२९ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या शहरांतली दोन लाखांच्या वर पोरं रेल्वेने मिडवेस्टच्या, म्हणजे देशाच्या मधल्या भागातल्या, शेतकऱ्यांकडे पाठवली गेली, स्टेशनवर किंवा चर्चमध्ये त्यांना रांगेत उभं करायचे आणि लोक निवडून घेऊन जायचे. त्यातल्या कित्येकांचं कायदेशीर दत्तक कधी झालंच नाही, राबायला दोन हात मिळाले एवढंच.

त्यात १९१० नंतर रक्तदोषाची भीती जोरात होती. हेन्री गॉडार्डसारखे मानसशास्त्रज्ञ उघड सांगायचे की दत्तक जाणाऱ्या मुलांत मंदबुद्धी वंशाने येते, दत्तक घेताना जपून. त्यामुळे कुमारी मातांच्या संस्थाही तेव्हा आईने मूल स्वतःच वाढवावं, निदान काही महिने अंगावर पाजावं, याच मताच्या होत्या. युद्धानंतर हे सगळं अगदी उलटं झालं, ते कसं हे पुढे येतंच.

जन्मदाखला बदलण्याची भानगड

या पद्धतीचा खरा गाभा एका कागदात आहे. मिनेसोटाने १९१७ मध्ये कायदा करून दत्तकाआधी घराची चौकशी सक्तीची केली आणि कोर्टाचे कागद बाहेरच्या लोकांना बंद केले. हेतू चांगला होता. तेव्हा जन्मदाखल्यावर सरळ ‘अनौरस’ असा शिक्का असायचा आणि शाळेत, नोकरीत तो कागद दाखवावा लागायचा. टेक्ससमध्ये एडना ग्लॅडनी या बाईंनी हा शिक्का काढायला लावला, १९३६ मध्ये. पण शिक्का काढून काम भागलं नाही, हळूहळू जवळपास सगळ्याच राज्यांनी दाखलाच नवा द्यायला सुरुवात केली.

तो कसा असायचा बघा. कोर्टाचा अंतिम हुकूम झाला की राज्याच्या नोंदणी खात्याला कळवायचं, खातं नवीन दाखला बनवणार, त्यात आईच्या रकान्यात दत्तक आईचं नाव, वडिलांच्या रकान्यात दत्तक वडिलांचं, जणू त्या बाईनेच त्या तारखेला त्या बाळाला जन्म दिला. मूळ दाखला पाकिटात घालून सील. सुरुवातीला मूल सज्ञान झालं की निदान त्याला स्वतःला तो बघता यायचा, पण पुढच्या काही दशकांत एकेका राज्याने तेही बंद केलं आणि मग कोर्टात जाऊन सबळ कारण दाखवल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही असा नियम झाला. घरात कुठले आजार आहेत हे कळावं एवढं कारण पुष्कळदा पुरेसं धरलं जायचं नाही. कॅन्सस आणि अलास्का या दोन राज्यांनी मात्र सज्ञान मुलांना मूळ दाखला कधीच नाकारला नाही. बाळाला डागापासून वाचवायला आणलेली गुप्तता शेवटी त्याच्याच विरोधात वापरली गेली आणि मला वाटतं या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त अन्याय इथे आहे.

मुलगी घरातून कुठे जायची

युद्धानंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. लग्नं आणि मुलं यांची लाट आली, ज्यांना मूल होत नव्हतं त्यांना शेजारीपाजारी प्रत्येक अंगणात झोपाळा दिसायचा आणि आपलं काहीतरी कमी आहे असं वाटायचं. दुसरीकडे फ्रॉइडच्या विचारांचा पगडा असलेल्या सोशल वर्कर मंडळींनी असं ठरवलं की गोरी कुमारी माता ही काही पापी नाही, ती मानसिक रुग्ण आहे, तिने मूल देऊन टाकलं की ती बरी होईल, परत कॉलेजला जाईल, लग्न करेल, सगळं विसरेल. विसरेल हा शब्द या काळातल्या आयांच्या आठवणींत सतत येतो आणि त्यातल्या बहुतेक जणी सांगतात की एक दिवसही विसरल्या नाहीत.

पोट दिसायला लागलं की मुलीला मावशीकडे पाठवलंय असं सांगायचं आणि दूरच्या शहरातल्या मॅटर्निटी होममध्ये ठेवायचं. फ्लॉरेन्स क्रिटेंटन होम्स, साल्व्हेशन आर्मीची होम्स, कॅथलिक संस्थांची होम्स, अशी देशभर होती. तिथे आडनाव सांगायचं नाही, काही ठिकाणी नावही खोटंच घ्यायचं, बाहेर फिरायला जाताना बोटात घालायला स्वस्तातली अंगठी मिळायची म्हणजे लोकांना लग्न झालेलं वाटावं. बाळंतपणाला सोबत घरचं कुणी नाही. नंतर काही दिवसांत सह्या. आईला वकील नसायचा, स्वतः बाळ ठेवायचं तर कुठली मदत मिळू शकते हे बऱ्याच ठिकाणी कुणी सांगायचं नाही, उलट तुझ्याकडे त्याला द्यायला काय आहे असं विचारलं जायचं. बापाची सही तर लागायचीच नाही, लग्नाबाहेरच्या बापालाही मुलावर हक्क असू शकतो हे सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये, स्टॅनले विरुद्ध इलिनॉय खटल्यात, पहिल्यांदा म्हटलं.

आकडे बघितले तर या पद्धतीचा रंग लगेच दिसतो. १९७३ च्या आधी गोऱ्या अविवाहित आयांच्या बाळांपैकी सुमारे १९ टक्के बाळं दत्तक गेली, काळ्या आयांच्या बाबतीत ते प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत आहे. मॅटर्निटी होममधलं प्रमाण अर्थात याहून कितीतरी जास्त. काळ्या मुलींना बहुतेक होम्समध्ये प्रवेशच नव्हता, त्यांची बाळं आजीकडे, मावशीकडे वाढली, आणि वर त्यांच्यावरच सरकारी पैशावर जगण्याचा आरोप. लुइझियानाने १९६० मध्ये ‘घर योग्य नाही’ म्हणून सुमारे २३,००० मुलांची सरकारी मदत एका झटक्यात तोडली, त्यातली बहुसंख्य काळी होती.

बाळ मिळायचं कसं

दत्तक देणाऱ्या एजन्सीकडून मूल हवं असेल तर अर्ज, मग होम स्टडी, म्हणजे घराची चौकशी. केसवर्कर, म्हणजे एजन्सीची बाई, घरी यायची, दोघांशी वेगवेगळं बोलायची. लग्नाला काही वर्षं झालेली, वय शक्यतो चाळिशीच्या आत, मूल होत नाही याचा डॉक्टरचा दाखला, चर्चला जाता का, पगार किती, बाई नोकरी करते का आणि करत असेल तर सोडणार का. मूल न होण्याचं दुःख तुम्ही पचवलंय का हेही विचारायचे, आणि उत्तर फार रडवेलं आलं तरी पंचाईत, फार कोरडं आलं तरी पंचाईत.

मग मॅचिंग. आईबापांशी बाळ जुळायला हवं, म्हणजे केसांचा रंग, डोळे, चण, धर्म (काही राज्यांत धर्म जुळवणं कायद्यातच होतं) आणि बुद्धीसुद्धा. येल विद्यापीठाचे आर्नल्ड गेझेल तान्ह्या बाळांच्या चाचण्या घ्यायचे आणि घाईने बाळ देऊ नका म्हणायचे, त्यामुळे कित्येक बाळं चांगल्या घरी जायच्या आधी महिनोन्‌महिने नर्सरीत किंवा तात्पुरत्या घरी राहायची. पन्नाशीच्या दशकात आईच्या मायेवरचं संशोधन पुढे आलं तसं हे मागे पडलं आणि बाळ लवकर द्यायला लागले. घरी आल्यावरही सहा महिने ते वर्षभर देखरेख, मग न्यायाधीशासमोर शेवटचा हुकूम.

एजन्सीशिवायही बाळं मिळायची, डॉक्टर किंवा वकील यांच्या ओळखीतून, आणि ते बहुतेक राज्यांत कायदेशीर होतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण स्टीव्ह जॉब्सचं. त्याची आई जोन शिबल विस्कॉन्सिनची, तिच्या सीरियन मित्राशी लग्न केलंस तर तू मला मेलीस असं वडिलांनी बजावलेलं. म्हणून ती सॅन फ्रान्सिस्कोला एका डॉक्टरकडे गेली जो अशा मुलींची बाळंतपणं करून दत्तकाची सोय लावायचा. फेब्रुवारी १९५५ मध्ये मुलगा झाला. आधी ठरलेल्या वकील जोडप्याला मुलगी हवी होती, त्यांनी नको म्हटलं, मग बाळ पॉल आणि क्लारा जॉब्सकडे गेलं. दोघांपैकी कुणी कॉलेज केलेलं नव्हतं हे कळल्यावर जोन सहीच करेना, याला कॉलेजला पाठवू असं लिहून घेतल्यावर तिने सही केली. वडील वारल्यावर पुढे काही महिन्यांतच जोनने त्या मित्राशी लग्नही केलं, पण तोवर कागद सील झालेले. मोठेपणी जॉब्सने त्या डॉक्टरला गाठलं तर तो म्हणाला रेकॉर्ड आगीत जळलं. ते खरं नव्हतं, डॉक्टरने आईचं नाव एका पत्रात लिहून ठेवलं होतं, आपल्या मृत्यूनंतर द्यायला.

या मोकळ्या वाटेतूनच काळा बाजार उभा राहिला. सगळ्यात भयंकर नाव मेंफिसच्या जॉर्जिया टॅनचं. टेनेसी चिल्ड्रन्स होम सोसायटीच्या तिथल्या शाखेतून ही बाई १९२४ ते १९५० पोरं विकत होती, एकूण पाच हजारांच्या घरात असावीत. गरीब आयांना गुंगीत सह्या करायला लावायच्या, बाळ दगावलं म्हणून सांगायचं, अंगणातून पोरं उचलायची, आणि बाल न्यायालयाच्या न्यायाधीश कॅमिल केली कागदांवर शिक्का मारून द्यायच्या. टेनेसीत दत्तकाची फी सात डॉलर, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कच्या जोडप्यांकडून प्रवासखर्च आणि चौकशीच्या नावाखाली शेकडो डॉलर घ्यायचे. गिऱ्हाइकांत हॉलिवूडचे लोकही होते. गावच्या राजकीय पुढाऱ्याचा वरदहस्त असल्याने कुणी हात लावला नाही, शेवटी १९५० मध्ये गव्हर्नर गॉर्डन ब्राउनिंग यांनी चौकशी जाहीर केली आणि काही दिवसांतच टॅन कॅन्सरने मेली. शिक्षा कुणालाच झाली नाही. आणि ज्या आयांची मुलं चोरली त्यांना ती परत मिळाली नाहीत, कारण झालेली दत्तकं सरकारने कायम ठेवली आणि सीलही तसंच ठेवलं. मेंफिसच्या एल्मवुड स्मशानभूमीत तिच्या ताब्यात असताना दगावलेली १९ मुलं पुरलेली आहेत, त्यांच्या नावाचा दगड २०१५ मध्ये बसला. १९५५ मध्ये सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनी याच धंद्यावर सिनेटमध्ये सुनावण्या घेतल्या, तरी देशपातळीवर कायदा झाला नाही.

रंगाच्या रेषेपलीकडची मुलं

गोरं, निरोगी, तान्हं बाळ कमी आणि मागणारे जास्त, मग नजर दुसरीकडे वळली. इंडियन अफेअर्स ब्युरो (अमेरिकेच्या मूळनिवासींचा, तिथल्या भाषेत ‘इंडियन’ लोकांचा, कारभार बघणारं सरकारी खातं) आणि चाइल्ड वेल्फेअर लीग (बालकल्याण संस्थांचा संघ) यांनी १९५८ ते १९६७ मूळनिवासी जमातींची ३९५ मुलं मुख्यतः पूर्वेकडच्या गोऱ्या घरांत दिली. आकडा छोटा दिसतो, पण राज्यांच्या खात्यांनी आणि चर्चच्या लोकांनी काढून नेलेली मुलं याच्या कितीतरी पट होती, सत्तरच्या दशकातल्या पाहण्यांत मूळनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के घराबाहेर आढळली. १९७८ मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट आला तो यामुळे, आणि लीगने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली.

कोरियन युद्धानंतर ओरेगनच्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी जोडप्याने १९५५ मध्ये एकदम आठ कोरियन मुलं घेतली, त्यासाठी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. नंतर होल्टने विमानं भरून मुलं आणली, तीही प्रॉक्सीने, म्हणजे आईबापांनी मूल न बघताच तिकडे कोर्टात दत्तक पुरं व्हायचं. सोशल वर्करांनी याला कडाडून विरोध केला आणि १९६१ मध्ये हा प्रकार आटोक्यात आला. कित्येक घरांनी पुढे नागरिकत्वाचा अर्जच केला नाही. २००० च्या कायद्याने नागरिकत्व आपोआप दिलं, पण तेव्हा अठरा पूर्ण झालेल्यांना वगळलं, त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या, कोरियन न येणाऱ्या काही माणसांना चाळिशीत तिकडे हद्दपार केलं गेलं. पुढे भारतातूनही, मुंबई-पुण्यातल्या संस्थांतूनसुद्धा, मुलं अमेरिकेत जायला लागली, त्यावर आपल्या सुप्रीम कोर्टाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ मध्ये नियम घालून दिले.

ओहोटी आणि शोध

दत्तकाचा आकडा १९७० मध्ये शिखरावर होता, वर्षाला सुमारे १,७५,०००, त्यातली निम्मी नात्यातली किंवा सावत्र आईवडिलांनी घेतलेली. मग गर्भनिरोधक गोळी सगळ्यांना मिळायला लागली, १९७३ मध्ये गर्भपात कायदेशीर झाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकट्या आईने मूल वाढवणं ही लाजेची गोष्ट राहिली नाही. होम्स एकामागून एक बंद पडली.

मोठी झालेली मुलं मात्र शोधायला लागली होती. स्वतः दत्तक गेलेल्या जीन पेटन यांनी १९५३ मध्ये अशा लोकांना जोडणारी पहिली संस्था काढली, फ्लॉरेन्स फिशर यांनी १९७१ मध्ये आल्मा ही संघटना, आणि १९७६ मध्ये आया स्वतः संघटित झाल्या. एजन्सीवाले म्हणायचे आम्ही आयांना गुप्ततेचं वचन दिलंय, पण सह्यांच्या कागदांत असं वचन सहसा नसायचंच, उलट आईलाच पुढे मुलाचा शोध घेणार नाही असं लिहून द्यावं लागायचं. टेनेसीने १९९५ मध्ये कागद उघडायचा कायदा केला, तो कोर्टात अडकला आणि १९९९ मध्ये टिकला. ओरेगनने १९९८ मध्ये सरळ जनमत घेऊन तेच केलं, न्यूयॉर्कने जानेवारी २०२० पासून मूळ दाखले द्यायला सुरुवात केली. आता थुंकीच्या डीएनए चाचणीने चुलत भावंडांवरून आई सापडते, त्यामुळे सीलचा उपयोग तसा संपलाच आहे, तरी अनेक राज्यांत सत्तरी गाठलेल्या माणसाला स्वतःचा मूळ जन्मदाखला मागायला आजही न्यायाधीशापुढे उभं राहावं लागतं.