फ्लो वाढवला तरी बोटावरचा आकडा का वाढत नाही?
(ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे मशीन, भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

“मिनिटाला दोन लिटर फ्लोवर बोटाचा ऑक्सिमीटर ९६ दाखवत होता, पाचवर नेले तरी ९७ च दाखवतो, म्हणजे मशीन खराब आहे,” अशी तक्रार घेऊन उदगीर, निलंग्याहून ग्राहक जीपमध्ये मशीन घालून लातूरला येतात. त्यांच्यासमोर नळीला शुद्धता मोजण्याचे यंत्र लावले की ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन दिसतो आणि मशीन तसेच परत जाते. तेवढा वेळ रुग्ण मात्र घरी ऑक्सिजनविना राहतो.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा ऑक्सिजनने भरल्या आहेत, एवढेच ऑक्सिमीटर सांगतो. म्हणून रक्त कमी असलेल्या रुग्णाचाही आकडा ९८ येऊ शकतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार जागा असतात आणि एक भरली की पुढची भरणे सोपे जाते, त्यामुळे हा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. रक्तातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरवर असताना सुमारे ९० टक्के जागा भरलेल्या असतात. तो १०० झाला तरी आकडा ९७-९८ च्या पुढे फारसा सरकत नाही. गच्च भरलेल्या एसटीच्या दारात आणखी माणसे आली म्हणून आतली आसने वाढत नाहीत.

नव्वदच्या खाली मात्र घसरण वेगाने होते. दाब ६० वरून ४० वर आला की आकडा थेट ७५ च्या आसपास येतो, म्हणून ८८ आणि ९६ यांतला फरक केवळ आठचा समजू नये. ताप असेल किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड व आम्लता वाढली असेल, तर हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. पेशींना ऑक्सिजन सोडण्यासाठी ही सोयच आहे, पण तेवढ्याच दाबाला आकडा थोडा कमी दिसतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही मशीन देत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. घरच्यांनी आकडा शंभरला नेण्यासाठी फ्लो वाढवला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्णाला गुंगी येऊ शकते. म्हणून चिठ्ठीतले लिटर आम्ही मशीनवर चिकटवून देतो. भारनियमनाच्या वेळेसाठी भरलेला सिलिंडरही आमच्याकडे भाड्याने मिळतो आणि तो सोबत न्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आकडा अचानक कमी दिसला तर नेलपॉलिश पुसून, हात गरम करून, बोट न हलवता मिनिटभर थांबावे. तरीही तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली राहिला किंवा धाप वाढली, तर आधी डॉक्टरांना कळवावे. मशीनला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत नसतील, तर बाटलीचे झाकण व नळीची जोडणी घट्ट आहे का ते पाहून आम्हाला लगेच फोन करावा. आमचा माणूस दुसरे मशीन घेऊन घरी येईल, तुम्ही मशीन हलवू नये.