प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा दिवा

आमच्या हॉलमधला प्लाझ्मा टीव्ही २०११ सालचा. त्याच्या पडद्याच्या तळाशी एक आडवी पट्टी आहे. एरवी ती दिसत नाही, पण क्रिकेटचं हिरवंगार मैदान लागलं की मळकट सावलीसारखी उमटते. अण्णा सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावून बसायचे. त्या वाहिनीच्या पांढऱ्या पट्टीवर दिवसभर ठळक बातम्या सरकायच्या. दुरुस्तीला आलेल्या मुलानं पडदा पाहिला आणि म्हणाला, "पॅनेलवर छाप बसलाय, हा आता निघत नाही." तो का निघत नाही हे समजून घेताना मला प्लाझ्मा टीव्ही खऱ्या अर्थानं कळला. त्याचं देखणेपण जिथून आलं, तिथूनच हा छापही आला आहे.

पांढऱ्या चित्रावर भिंग धरून पाहा. पांढरं कुठेच दिसत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या उभ्या रेघांचे बारीक तुकडे ओळीनं लागलेले दिसतात. समोरच्या आणि मागच्या काचेमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट असते आणि तिच्यात बांध घालून लाखो खण पाडलेले असतात. वरून पाहिलेली भातखाचरंच जणू. या खाचरांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेले असतात. विजेचा दाब दिला की वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू क्षणभर प्लाझ्मा होतो. आकाशात वीज चमकते तेव्हा हवेचं जे होतं, तेच इथं सुईच्या टोकाएवढ्या जागेत घडतं. झेनॉनमधून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, ते खणाच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळतात आणि लेप आपापल्या रंगात उजळतो. आपली जुनी ट्यूबलाइटही अशीच पेटते. तिच्यात झेनॉनऐवजी पाऱ्याची वाफ असते, एवढाच फरक.

म्हणजे प्लाझ्माचा पडदा म्हणजे चिमुकल्या ट्यूबलाइटींची भिंत. ४२ इंची संचात बहुधा १०२४ × ७६८ ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन खण, म्हणजे साडेतेवीस लाखांहून जास्त दिवे. 'फुल एचडी' पडद्यात ही संख्या ६२ लाखांवर जाते.

हा पडदा मुळात टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो 'प्लेटो' नावाच्या संगणकीय शिक्षणव्यवस्थेसाठी बनवला. त्या काळी संगणकाची स्मृती भयंकर महाग होती. पडद्यावरचं चित्र टिकवण्यासाठी ती खर्च करणं परवडत नसे. प्लाझ्माच्या खणाला मात्र एक विलक्षण सवय आहे. एकदा पेटला की त्याच्या भिंतींवर विद्युतभार साठतो आणि मग थोड्या कमी दाबाच्या उलटसुलट विजेवरही तो पेटताच राहतो. विझलेला खण तेवढ्याच विजेवर विझलेलाच राहतो. थोडक्यात, चित्र लक्षात ठेवण्याचं काम पडदाच करतो. तो पहिला पडदा नारिंगी एकरंगी होता. फुजित्सूनं २१ इंची रंगीत पडदा १९९२ साली आणला आणि १९९७च्या सुमाराला ४२ इंची संच दुकानांत आले, मोटारगाडीच्या किमतीत.

या सवयीमुळे एक अडचण मात्र उभी राहते. खण पेटलेला तरी असतो किंवा विझलेला तरी. बल्बसारखा तो मंद करता येत नाही. मग संध्याकाळच्या आभाळाच्या फिकट छटा दाखवायच्या कशा? त्यावरची युक्ती मला फार आवडते. सेकंदाच्या साठाव्या भागात एक चित्र दाखवायचं असतं. त्या वेळेचे आठ टप्पे पाडतात आणि त्यांतल्या लुकलुकण्याचं प्रमाण दुपटीनं वाढवत नेतात: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. एखाद्या ठिपक्याला १०० इतका उजेड हवा असेल, तर ६४, ३२ आणि ४चे टप्पे पेटवायचे, बाकीचे विझलेले ठेवायचे. आठ टप्प्यांत अशा २५६ छटा मिळतात. मंद उजेड असा कुठेच नसतो, असते ती फक्त लुकलुक, आणि डोळा तिची बेरीज करतो. खोक्यावर '६०० हर्ट्झ' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं, त्याचा उगम इथेच आहे: सेकंदाला ६० चित्रं आणि प्रत्येकाचे १० टप्पे. पडदा सेकंदाला ६०० वेगवेगळी चित्रं दाखवतो असा त्याचा अर्थ नाही. विक्रेते तसं सांगायचे आणि लोक फसायचे, याचा मला आजही राग येतो.

प्रत्येक ठिपक्याचा दिवा वेगळा असल्याचा मोठा लाभ काळ्या रंगात दिसतो. एलसीडी पडद्यात मागे सलग उजेड असतो आणि द्रवस्फटिकांची दारं तो अडवतात. दारं पुरती मिटत नाहीत, फटींतून उजेड झिरपतो आणि रात्रीचं आभाळ राखाडी दिसतं. प्लाझ्मात काळं म्हणजे त्या जागचा दिवाच पेटवायचा नाही. तरी खण पटकन पेटावा म्हणून त्याला अधूनमधून एक सूक्ष्म ठिणगी द्यावी लागते, त्यामुळे किंचितशी चमक उरते. पायोनियरनं २००७ साली ही चमक खूप खाली आणली आणि त्या मालिकेला नाव दिलं 'कुरो', म्हणजे जपानीत काळा. तसा काळा मी त्याआधी कुठल्याच सपाट पडद्यावर पाहिला नव्हता. वेगवान दृश्यांतही प्लाझ्मा सरस होता. तेव्हाच्या एलसीडीवर सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूला शेपूट फुटायचं, प्लाझ्मावर चेंडू गोलच राहायचा.

आता उणिवा. लाखो दिवे पेटवायचे म्हणजे वीज आली. २००५-०६च्या आसपासचे ४२ इंची संच सहज २५० ते ३०० वॉट घेत. २५० वॉट धरले आणि रोज पाच तास टीव्ही चालला, तर महिन्याला ३७-३८ युनिट होतात. त्याच मापाचा आजचा टीव्ही बहुधा १०० वॉटच्या आत भागवतो. हा खर्च चित्राप्रमाणे बदलतो: अंधारं दृश्य आलं की कमी, बर्फाचे डोंगर आले की जास्त. म्हणून सगळा पडदा पांढरा झाला की संच स्वतःच उजेड आवरता घेतो आणि बर्फ जरा मळकट दिसतो. समोर काच असल्यानं खिडकीचं प्रतिबिंब पडतं. त्या विजेच्या चालू-बंदमुळे जवळच्या मीडियम वेव्ह रेडिओतही खरखर येते. अण्णांचा ट्रान्झिस्टर म्हणूनच स्वयंपाकघरात गेला.

उंचीची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. खणांमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे बाहेरची हवा काचेला बांधांवर घट्ट दाबून धरते. उंच ठिकाणी हवा विरळ होते, काच सैलावते आणि पडदा गुणगुणू लागतो. अनेक संचांच्या पुस्तिकेत दोन-अडीच हजार मीटरची मर्यादा दिलेली असे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे काळजी नाही. लेह मात्र साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथल्या हवेचा दाब खणातल्या वायूइतकाच भरतो.

वायू संपतो आणि पुन्हा भरावा लागतो, ही अफवा. खण कायमचे बंद असतात. झिजतो तो फॉस्फरचा लेप, आणि जो खण जास्त पेटतो तो जास्त झिजतो. अण्णांच्या पट्टीखालचे खण बारा-बारा तास पेटले, शेजारचे त्यामानानं कमी. छाप बसला म्हणजे पडद्यावर काही चिकटलं असं नाही, तिथले दिवे म्हातारे झाले. म्हणूनच तो पुसता येत नाही.

पॅनासॉनिकनं २०१३च्या डिसेंबरात प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं. ठिपके लहान करत नेले की बांधच जास्त जागा खातात आणि उजेड घटतो, त्यामुळे घरगुती मापात फोर-के जमवणं अवघड होतं. त्यामुळे आज प्लाझ्मा घ्यायचा तर जुनाच घ्यावा लागतो. कुणी स्वस्तात देत असेल तर पेन ड्राइव्हवर एक सलग राखाडी आणि एक सलग पांढरं चित्र घेऊन जा. राखाडीवर वाहिनीचा लोगो किंवा पट्टी उमटते का पाहा. आवाज बंद करून गुणगुण ऐका. पॅनेल शाबूत असलं तरी मागचा बोर्ड गेला तर सुटा भाग मिळवताना नाकी नऊ येतात, तेव्हा त्याच मॉडेलचे बोर्ड मिळतात का, हे आधी दुरुस्तीवाल्याला विचारा. ठिपक्यांच्या आकड्यावरून मात्र घासाघीस नको. १०२४ ठिपक्यांच्या ४२ इंची पडद्यावर एक ठिपका जेमतेम ०.९ मिलिमीटर रुंद असतो आणि दहा फुटांवरून निरोगी डोळ्यालाही तो वेगळा ओळखणं कठीण.

नवा टीव्ही घेताना 'उजेड कुठून येतो?' हा एक प्रश्न विचारा. 'एलईडी', 'क्यूएलईडी', 'मिनी एलईडी' असं काहीही लिहिलेलं असलं, तरी बहुतेक सगळे एलसीडीच. उजेड मागून येतो, फरक तो कसा आणि किती ठिकाणी आवरता येतो एवढाच. ओएलईडीत मात्र पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा तसाच गडद, आणि छाप बसण्याचा धोकाही तसाच.

आम्ही अण्णांसाठी गेल्या वर्षी साधा एलसीडी घेतला. हॉलला पूर्वेची मोठी खिडकी आहे आणि बातम्या दिवसभर चालतात, तिथे तोच योग्य. प्लाझ्मा आतल्या खोलीत गेला. रात्री दिवे मालवून जुना कृष्णधवल सिनेमा लावला की काळोख अजूनही तसाच दाट दिसतो. पडद्यावर दिवस उजाडला की तळाची पट्टी हळूहळू वर येते.