वाळीत टाकण्याचा अधिकार कोणाचा?

कायदा, नीती आणि व्यक्तिस्वातंत्र्य असा विषय पुण्यात निघाला की चर्चा हटकून इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलपासून सुरू होते. एकीकडे सरकार, दुसरीकडे व्यक्ती, आणि मध्ये रेघ कुठे ओढायची एवढाच काय तो वाद. या शहराचा स्वतःचा इतिहास मात्र तिघांच्या भांडणाचा आहे. जात नावाचा तिसरा पक्ष इथे कायम हजर होता. त्याच्याकडे शिपाई नव्हते आणि तुरुंगही नव्हता. पण पंगत, पाणी, सोयरीक आणि मेल्यावर खांदा द्यायला येणारी माणसं, हे सगळं त्याच्या ताब्यात होतं.

पेशवाईत हा पक्ष वेगळा असा दिसत नाही, कारण सरकारच त्याचं काम करत होतं. अपराध आणि पाप यांचा निवाडा एकाच गादीवरून होई. नारायणरावाच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपण न्यायाच्या निर्भीडपणासाठी सांगतो. पण खुनाच्या शिक्षेचं नाव तिथे प्रायश्चित्त आहे, हे सांगताना सहसा कोणी थांबत नाही. याच व्यवस्थेची दुसरी बाजू पेशवे दप्तरात सापडते. शिंदळकीच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपात सापडलेल्या बायकांना कुणबीण, म्हणजे गुलाम दासी, म्हणून राबायला लावल्याच्या नोंदी तिथे आहेत. नीती सांभाळण्याचं काम सरकारने अंगावर घेतलं की त्याचा भार कोणावर पडतो, याचा हा पुण्यातला जुना दाखला.

1817 मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि अपराध व पाप यांची फारकत झाली. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, 1827 साली, मुंबई इलाख्यासाठी जे कायदे झाले, त्यांत दिवाणी कोर्टांनी जातीच्या प्रश्नांत हात घालू नये असं स्पष्ट कलम होतं. नव्या राज्यकर्त्यांना लोकांच्या धर्मात ढवळाढवळ नको होती, त्यामागे शहाणपण होतं आणि भीतीही होती. परिणाम असा झाला की जातीला तिच्या क्षेत्रात मोकळं रान मिळालं. पुढे 1850 च्या कायद्याने जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं, 1856 मध्ये विधवाविवाहाला मान्यता मिळाली. कागदावर माणूस बराच मोकळा झाला. प्रत्यक्षात, धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये पुण्यात एका विधवेशी लग्न केलं तेव्हा कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूने होता, आणि तरीही त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातलाच.

मधल्या काळात एका माणसाने या पेचातली सर्वात अवघड जागा नेमकी हेरली होती. विधवेला दिवस गेले की जात तिला घराबाहेर काढणार. भीतीपोटी तिने मूल मारलं की कायदा तिला काळ्या पाण्यावर धाडणार. दोन्ही दरवाजे बंद, आणि पुरुषाला दोन्हीकडून मोकळीक. जोतीराव फुल्यांनी 1863 मध्ये आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यावं किंवा तिथेच ठेवावं, अशा जाहिराती ब्राह्मण वस्तीत लावल्या. 1884 मध्ये त्यांनी लिहिलेल्या निवेदनात तोवर 35 विधवा तिथे बाळंत झाल्याची नोंद आहे. फुल्यांनी इथे कोणाच्याही आचरणाचा निवाडा केला नाही, हे मला त्या सगळ्या शतकातलं सर्वात धीट पाऊल वाटतं. सावित्रीबाईंनी तर बाळंतपणंही सांभाळली आणि तिथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, या जोडप्याने दत्तक घेतलं.

मग चहा आला. 14 ऑक्टोबर 1890 रोजी वेताळ पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांचा त्यात पुढाकार होता. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसताच हातात धरला. थोड्याच दिवसांत हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. यादीत रानडे होते, टिळकही होते. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि चौकशीला शास्त्र्यांचा आयोग बसला. साक्षी झाल्या, बचाव झाले. चहा पिण्याविरुद्ध इंग्रजी राज्यात कुठलंच कलम नव्हतं, पण इंग्रजी राज्यातच न्यायाधीश असलेल्या रानड्यांना या दुसऱ्या कोर्टापुढे वाकावं लागलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा पुरावा पुढे केला. रानड्यांनी 1892 मध्ये मित्रांच्या अडचणीखातर प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. वकिली डोकं कोणाचं आणि भिडस्त मन कोणाचं, हे या एका प्रकरणावरून कळतं.

चहाचं प्रकरण तापत असतानाच संमतिवयाचं बिल आलं. 1860 च्या दंडसंहितेत शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय 10 होतं, लग्न झालेलं असो वा नसो. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मेली, समाजसुधारक बेहरामजी मलबारींची चळवळ आधीपासून चालू होतीच, आणि मार्च 1891 मध्ये ते वय 12 झालं. दोन वर्षांच्या फरकासाठी पुणं अक्षरशः दुभंगलं. सुधारकांच्या सभेत दंगल झाली. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्रातूनच बिलाला आधार काढून दाखवला, तर टिळकांनी शास्त्रातूनच तो खोडला.

टिळकांची बाजू नुसती सनातनी म्हणून निकालात काढण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोय जरा बाजूला ठेवावी. 1890 मध्येच त्यांनी सुधारकांपुढे कलमांची यादी ठेवली होती: मुलींची लग्नं 16 वर्षांच्या आत नकोत, मुलांची 20 च्या आत नकोत, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, करायचंच तर विधवेशी करावं, विधवांचं केशवपन नको. सरकारी बिलापेक्षा ही यादी कितीतरी पुढची. अट एकच: ज्यांनी सही केली त्यांनाच ती बांधील. नीती माणसाने स्वतःहून पत्करावी, परक्या सरकारने दंडुक्याने शिकवू नये, असा तो युक्तिवाद होता. त्यातलं भोक मात्र मोठं होतं. सही करणारा बाप किंवा नवरा असणार होता. जिच्या अंगावर बेतत होतं तिला कोणी विचारणार नव्हतं.

आगरकरांनी नेमकं हेच धरलं. मिल त्यांनी मन लावून वाचलेला. व्यक्तीला तिच्या मर्जीने वागू द्यावं, हात घालायचा तो दुसऱ्याला इजा होत असेल तरच, हे तत्त्व त्यांना मान्य होतं, आणि म्हणूनच ते बिलाच्या बाजूने उभे राहिले. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला होणारी इजा हा नवऱ्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग कसा असेल? शास्त्रात आधार शोधण्याची भांडारकरी वाटही त्यांना आडवळणाची वाटे. विवेकाला पटलं तर पुरे. मिलमधली आणखी एक गोष्ट त्यांनी उचलली, जी आजच्या चर्चांतून गळते: लोकमताची जुलूमशाही ही सरकारी जुलूमशाहीपेक्षा आत शिरणारी असते. पुण्याने त्याची पावतीही दिली. आगरकरांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली.

विसाव्या शतकात राज्यसंस्था आपली झाली आणि टिळकांचा ‘परकं सरकार’ हा मुद्दा संपला. तिसऱ्या पक्षाचं काय करायचं, हे मात्र सुटलं नाही. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यालाच बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला: धर्मसंस्थेला आपले व्यवहार आपण पाहण्याचा हक्क आहे, या आधारावर. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळं मत नोंदवलं.

याच्या उलट दिशेने, नीतिरक्षणातून सरकार हळूहळू अंग काढून घेत होतं. व्यभिचाराच्या 497 कलमाला 1985 मध्ये न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने उचलून धरलं. ते पुण्याचे, इथल्याच विधी महाविद्यालयात शिकलेले. 2018 मध्ये ते कलम रद्द करणाऱ्या पीठावर त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. नवऱ्याच्या तक्रारीवर चालणारा हा गुन्हा शिंदळकीचाच कायदेशीर वारस होता. तो गेला त्याच वर्षी कंजारभाट समाजातली तरुण मुलं, त्यांतली बरीच पुणे-पिंपरीची, लग्नाच्या रात्री नववधूची कौमार्य परीक्षा घेण्याच्या प्रथेविरुद्ध उभी राहिली आणि पिंपरीत त्यांना मारहाण झाली.

त्यांच्या हाताशी तोवर एक नवा कायदा आला होता. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवलं. 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1827 च्या कलमाने जातीला जे आवार सोडून दिलं होतं, त्यात कायदा शिरला तो असा, जवळजवळ दोन शतकांनी. 1962 चा निकाल मात्र या कायद्याच्या डोक्यावर आहेच. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो फेरविचारासाठी नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला.