मोठ्या ग्रुपमध्ये गप्प, छोट्या ग्रुपमध्ये बोलके : पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा १,०२४ मेंबरांवर नेली. त्याच वर्षी ती आधी २५६ वरून ५१२ झाली होती, म्हणजे एका वर्षात चौपट. या दोन वाढींच्या मधे, ऑगस्टमध्ये, आणखी एक सोय जाहीर झाली. ग्रुप सोडला तर आता सगळ्यांना वर्दी जाणार नव्हती, फक्त अ‍ॅडमिनला कळणार होतं. पुढचं दार रुंद करायचं आणि मागच्या दाराने गुपचूप निसटायची वाटही करून द्यायची, हे दोन्ही एकाच अ‍ॅपने एकाच वर्षी केलं. पाचशेच्या ग्रुपमध्ये महिनोन्‌महिने एक अक्षर न लिहिणारा माणूस दहा-बारा जणांच्या ग्रुपमध्ये रात्री उशिरापर्यंत वाद घालत बसतो, हे आता कुणाला नवीन नाही. या सवयीचा माग मात्र इंटरनेटच्याही मागे जातो.

१८८०च्या दशकात एका फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. माणसं वाढली की एकूण जोर वाढे, पण माणशी जोर घटे. हे आकडे १९१३ मध्ये छापले गेले आणि त्यानंतर बरीच वर्षं 'एकत्र ओढताना ताळमेळ बिघडत असावा' असं स्पष्टीकरण दिलं जाई. १९७४ साली प्रयोग पुन्हा झाला तेव्हा दोर धरणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं त्याला नुसतं भासवलं. मागे कुणीच ओढत नव्हतं, त्यामुळे ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नव्हता. तरीही त्याचा जोर कमी पडला.

यापेक्षा नेमकं काम अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात झालं आणि ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑनलाइन चर्चांमध्ये त्याचा उल्लेख फारसा येत नाही, तो यायला हवा. तेरा माध्यमिक शाळा अभ्यासल्या. सर्वांत लहान शाळेत ३५ विद्यार्थी, सर्वांत मोठीत २,२०० च्या वर. मोठ्या शाळेत उपक्रम अर्थातच जास्त, पण विद्यार्थ्यांची संख्या ज्या पटीने वाढली त्या पटीने ते वाढले नव्हते. नाटकात दहा पात्रं असतील तर ती साठ मुलांतूनही दहाच निवडायची आणि सहाशेंतूनही दहाच. लहान शाळेत ज्याला अभिनयाचा गंध नाही त्यालाही तोंडाला रंग लावावा लागतो, कारण तो नाही म्हणाला तर नाटक अडतं. अशा शाळांतली मुलं जास्त उपक्रमांत होती, आणि नुसती हजेरीपुरती नव्हे, जबाबदारीच्या जागांवर होती. आपण भाग घ्यायलाच हवा असं आपल्याला वाटतं, असंही त्यांनी सांगितलं. छोट्या गटांबद्दल लिहिताना जिव्हाळा, ओळखीचे चेहरे, सुरक्षित वाटणं ही कारणं हमखास येतात. ती खोटी नाहीत. पण 'माझ्यावाचून अडतं' हे त्यांच्या आधीचं कारण आहे, आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ऑनलाइन जागा बांधणाऱ्यांनी सर्वांत कमी विचार केला तो याच कारणाचा.

सुरुवातीला विचार करायची गरजही नव्हती. १९७८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या पहिल्या सार्वजनिक बुलेटिन बोर्डाला, म्हणजे फोनवरून संगणक जोडून निरोप वाचायच्या-ठेवायच्या जागेला, एकच फोनलाइन होती. एक जण आत असला की दुसऱ्याला एंगेज टोन. लहान राहणं तिथे कुणी निवडलं नव्हतं, ती तारेची मर्यादा होती. १९८० पासून यूझनेट या संगणकांच्या जाळ्यावर विषयवार चर्चागट वाढत गेले. विद्यापीठांचं वर्ष सुरू झालं की दर सप्टेंबरला नव्या मुलांची लाट येई, थोडे दिवस धुडगूस घाली आणि मग तिथल्या रीतीभातींत मुरून जाई. १९९३ पासून घरगुती इंटरनेट सेवांचे ग्राहक तिथे येऊ लागले आणि ही लाट ओसरायची थांबली. तो सप्टेंबर संपलाच नाही, असं जुनेजाणते म्हणू लागले. 'पूर्वी आपण थोडे होतो तेव्हा बरं होतं' ही तक्रार तेव्हापासून प्रत्येक फोरमवर ऐकू येते.

ही तक्रार पूर्ण खरी नाही. २०१७ मधल्या एका अभ्यासात रेडिट या विषयवार चर्चांच्या संकेतस्थळावरचे असे दहा समुदाय घेतले होते, ज्यांना पहिल्या पानावर जागा मिळाल्यामुळे अचानक प्रचंड संख्येने नवे लोक येऊन धडकले. तिथला दर्जा अपेक्षेइतका घसरला नव्हता, आणि जिथे चर्चेवर देखरेख ठेवणारे मॉडरेटर कडक होते तिथे तक्रारीही कमी होत्या. गर्दी आली की माती होतेच असं नाही. फक्त ती जागा टिकवण्याचं काम सर्वांचं न राहता मूठभरांचं होतं आणि बाकीचे प्रेक्षक होतात.

या प्रेक्षकांची मोजदाद २००० च्या सुमारास सुरू झाली. ईमेलच्या चर्चागटांवरच्या एका अभ्यासात आजारपणात एकमेकांना आधार देणाऱ्या गटांतले सुमारे ४६ टक्के सदस्य ठरावीक काळात काहीच न लिहिणारे निघाले. सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवणाऱ्या गटांत हेच प्रमाण ८२ टक्के होतं. तंत्र तेच, ईमेल तोच, तरी गप्प बसण्यात एवढी तफावत. २००४ मध्ये ३७५ ऑनलाइन बोर्डांवरच्या सदस्यांना विचारलं, तेव्हा न लिहिणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी दिलेलं कारण साधं होतं: वाचलं तरी पुरतं, लिहायची गरज पडत नाही. भीती, लाज, वेळ नसणं ही कारणं त्याच्या खाली होती.

मग २००६ मध्ये ९०-९-१ चा नियम आला. नव्वद टक्के वाचणार, नऊ टक्के अधूनमधून लिहिणार, एक टक्का बहुतेक सगळं लिहिणार. मोठ्या संकेतस्थळांसाठी तो ढोबळमानाने बरोबर होता. पण तो निसर्गनियम असल्यासारखा सांगितला गेला आणि त्याचा आधार घेऊन लोकांचं मौन स्वाभाविक ठरवलं गेलं. आजारपणाच्या गटांत निम्मे लोक बोलत होते, ही गोष्ट त्या गडबडीत मागे पडली. त्याच सुमारास फेसबुकवर सगळ्यांच्या पोस्ट एका रांगेत दाखवणारी न्यूजफीड आली, २००९ मध्ये लाइकचं बटण आलं, आणि साहेब, शेजारी, शाळासोबती सगळे एकाच पोस्टखाली जमू लागले. कोण वाचणार हे ठाऊक नसेल तर माणूस एकतर सर्वांना चालेल असं काही लिहितो, नाहीतर लिहीतच नाही.

आता पुन्हा ग्रुपच्या मर्यादेकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आले २०११ मध्ये. २०१४ च्या अखेरीस मर्यादा १०० होती, फेब्रुवारी २०१६ मध्ये ती २५६ झाली. हा आकडा इतका चमत्कारिक का, असा प्रश्न एका ब्रिटिश दैनिकाने तेव्हा बातमीत विचारला आणि जगभरच्या प्रोग्रामरांची करमणूक झाली. संगणक शून्य आणि एक या दोनच खुणांत, म्हणजे बिटांत, मोजतो आणि आठ बिटांत मावणाऱ्या शक्यता २५६ च. पण त्या हशात मूळ प्रश्न वाहून गेला. १०० नंतर २५६ का, याचं उत्तर गणकयंत्राच्या हिशेबातून मिळत असेल, तर माणसांचा हिशेब कुणी केला होता? अडीचशे जणांत बोलायला किती लोक धजावतात, हे त्या निर्णयाच्या चर्चेत कुठे दिसत नाही.

समर्थनाची बाजूही आहे. शाळेतले पालक, कामाच्या जागा, वसाहती, स्वयंसेवी संस्था यांना शंभरात मावता येत नव्हतं. तेच लोक तीन-तीन ग्रुप काढून तोच मेसेज तीनदा टाकत होते. २०२२ च्या वाढीलाही हेच कारण होतं आणि ते खरंच होतं. पण ते सूचना पोचवण्याचं कारण आहे, बोलण्याचं नव्हे. पुढे काय झालं त्यावरून हा फरक दिसतो. मर्यादा २५६ झाल्यावर जेमतेम अडीच वर्षांत, २०१८ च्या मध्याला, 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकतील' ही सेटिंग आली. एप्रिल २०१९ मध्ये आपल्याला कुणी ग्रुपमध्ये घालावं हे ठरवण्याचा हक्क मिळाला. त्याआधी नंबर असला की कुणीही कुणालाही कोंबू शकत होतं. फेसबुकनेही २०१० मध्ये मित्रांना न विचारता ग्रुपमध्ये घालायची मुभा दिली होती आणि तेव्हाच तिच्यावर ओरड झाली होती, तरी नऊ वर्षांनी तोच धडा नव्याने शिकावा लागला. फॉरवर्डचंही तसंच. जानेवारी २०१९ मध्ये जगभर पाच चॅटची मर्यादा लागली, पण मोजल्या त्या चॅट. पाच ग्रुप गुणिले २५६ म्हणजे एका फटक्यात १,२८० माणसं. क्रम पाहिला तर आधी संख्या वाढवली, मग त्या संख्येने जे बिघडलं त्याला एकेक ठिगळ लावलं.

बिघडलं म्हणजे काय, ते स्क्रीनवर दिसतं. ग्रुपमधल्या मेसेजच्या टिक निळ्या होतात त्या सर्वांनी वाचल्यावर. बारा जणांच्या ग्रुपमध्ये संध्याकाळी टाकलेला मेसेज झोपायच्या आत निळा होतो. त्यावर बोट दाबून इन्फो उघडलं की कुणी वाचला, कुणाचा राहिला ते नावानिशी कळतं, आणि वाचूनही जो गप्प आहे त्याला दुसऱ्या दिवशी 'काय रे, बोलला नाहीस' असं विचारता येतं. पाचशेंच्या ग्रुपमध्ये फोन बदललेला, अ‍ॅप न उघडणारा, ग्रुप म्यूट करून विसरलेला असा एक तरी असतोच, त्यामुळे टिक करड्याच राहतात. यादी उघडून बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आपण गप्प आहोत हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आपण बोललो तर ते कुणी ऐकलं हे आपल्याला कळत नाही.

ग्रुपची मर्यादा किती असावी या वादात एक आकडा हटकून येतो, तो म्हणजे १५०. माणसाला साधारण दीडशे स्थिर नाती सांभाळता येतात, असं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या आकारावरून मांडलं गेलं. २५६ म्हणजे दीडशेच्या पलीकडे, म्हणून चूक, असा सरळसोट युक्तिवाद अजूनही वाचायला मिळतो. २०२१ मध्ये तीच आकडेमोड नव्या पद्धतींनी तपासली, तेव्हा खरा आकडा दहाच्या आतही असू शकतो आणि पाचशेच्या वरही, असं निघालं. इतक्या रुंद पट्ट्यातून ग्रुपची मर्यादा काढता येणार नाही. मर्यादा वाढवण्याला विरोध करणाऱ्यांनी या आकड्यावर भिस्त ठेवून आपली बाजू विनाकारण लंगडी केली.

त्यांच्या हाती त्याहून चांगला पुरावा होता. चित्रपटांना गुण देण्याच्या एका संकेतस्थळावर झालेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'तुमचं मत वेगळं आहे, ते दुसरं कुणी देऊ शकत नाही' अशी जाणीव ज्या सदस्यांना करून दिली, त्यांनी जास्त गुण दिले. संकेतस्थळ होतं तेवढंच मोठं राहिलं होतं. कॅन्ससमधल्या मुलांना शाळेच्या आकारामुळे जे आपोआप कळत होतं, ते इथे एका वाक्याने सांगावं लागलं.

उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनने मुख्य भूमीवर चिनी विकिपीडिया बंद केला. बाहेर राहणाऱ्या, ज्यांच्यावर बंदी नव्हती अशा लेखकांचा हातभार त्यानंतर सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटला. गट लहान झाला, तर 'माझी गरज वाढली' असं वाटून त्यांनी जास्त लिहायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण ज्यांच्यासाठी लिहायचं ते वाचकच निघून गेले होते. मुळात लहान असणं वेगळं आणि मोठ्याचं लहान होणं वेगळं.

मार्च २०१९ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या सोशल नेटवर्कच्या प्रमुखांनी आता चौकापेक्षा घराच्या दिवाणखान्याकडे वळायचं जाहीर केलं. गेमिंगसाठी २०१५ मध्ये आलेलं डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप तोवर सर्व प्रकारच्या छोट्या मंडळींचा अड्डा होऊ लागलं होतं. लोक खरोखर छोट्या जागांकडे जात होते, पण कशासाठी, याचं उत्तर दिवाणखान्याच्या प्रतिमेशी जुळत नाही. २०२१ मध्ये रेडिटवरच्या छोट्या समुदायांत वावरणाऱ्या वीस जणांच्या सविस्तर मुलाखती प्रसिद्ध झाल्या. तिथे त्यांची जवळची मैत्री फारशी झालेली नव्हती, आणि त्यासाठी ते गेलेही नव्हते. नेमका आपलाच विषय, आपल्यासारखंच खोलात शिरणारे चार लोक, आणि 'आपण इथले' ही भावना, एवढं त्यांना पुरत होतं. समुदाय वाढावा असंही त्यांना विशेष वाटत नव्हतं.

याची एक बाजू कमी चर्चिली जाते. बंद दाराआडच्या गप्पा शोधयंत्राला सापडत नाहीत, आणि जागा बंद पडली की सगळंच जातं. याहू ग्रुप्सवरचा वर्षानुवर्षांचा मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये हटवायला घेतला आणि वर्षभराने सेवाच बंद झाली. हौशी मंडळींनी धावपळ करून वाचवला तेवढा वाचला. चॅट ग्रुपमध्ये तर जुनं शोधत कुणी फार मागे जात नाही. नवा मेंबर येतो आणि गेल्या वर्षी तीनदा विचारलेला प्रश्न चौथ्यांदा विचारतो. हजारांच्या ग्रुपमध्ये त्याला 'वर बघा' असं सुनावतात किंवा कुणीच उत्तर देत नाही. बारा जणांच्या ग्रुपमध्ये ते उत्तर माहीत असलेला एकच जण असतो, आणि तो चौथ्यांदा टाइप करायला बसतो.