बत्तीसशेची रॅम, चोवीसशेचा वेग

भाच्याने नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून लॅपटॉपसाठी रॅमची नवी पट्टी आणली. आठ जीबी, डीडीआर-४, वेग ३२००. जुनी २४००ची काढून तिच्या जागी ही बसवली, लॅपटॉप सुरू केला, विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, तर वेगाच्या रकान्यात २४००च. "मामा, बत्तीसशेची टाकली ना मी, मग हे चोवीसशेच काऊन दाखवून राहिलं?" दुकानदाराने फसवलं अशी त्याची खात्री झाली होती. पण दुकानदार एवढंच म्हणाला होता की "लागून जाते". आणि ती लागली होती.

स्टिकरवरचा आकडा सांगतो तो पट्टीचा आवाका. ती किती वेगाने चालवायची, हे ठरतं प्रोसेसरमध्ये. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ साली अ‍ॅथलॉन ६४ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलने २००८ मध्ये. तेव्हापासून लॅपटॉप घेतो तेव्हाच रॅमच्या वेगाची हद्दही आपण घेऊन येतो. भाच्याचा प्रोसेसर कोअर आय-५ ८२६५यू. डीडीआर-४ साठी त्याची हद्द २४००. प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची एक इवलीशी चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीची पत्रिका लिहिलेली असते. लॅपटॉप सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, ती वाचतो, प्रोसेसरच्या पत्रिकेशी जुळवतो आणि दोघांनाही झेपेल तो वेग लावून मोकळा होतो. दोन पट्ट्या दोन वेगांच्या असतील तर दोघींना हळू असलेलीच्या चालीने चालावं लागतं.

आता हा २४०० म्हणजे काय? भाच्याने खात्री करायला सीपीयू-झेड हे प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर तिथे बाराशेच्या आसपास आकडा. तो अजूनच हबकला. पाचपावली, गोळीबार चौकाच्या भागात एकेकाळी घरोघरी हातमाग होते. माग चालताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. धोटा उजवीकडे जाताना बाण्याचा एक धागा टाकतो आणि परत येताना दुसरा. येरझारा एक, धागे दोन. डीडीआर म्हणजे 'डबल डेटा रेट' हेच करते. घड्याळाचा ठोका वर चढताना एकदा आणि खाली उतरताना एकदा, अशी दोनदा माहिती पाठवते. ठोके सेकंदाला १२० कोटी, म्हणजे १२०० दशलक्ष; फेऱ्या २४० कोटी, म्हणजे २४०० दशलक्ष. दर फेरीत आठ बाइट, म्हणून सेकंदाला १९.२ जीबी. ३२०० वर हेच २५.६ जीबी झाले असते.

पट्टी घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात मेमरीवर टिचकी मारली असती तर अर्धी माहिती तिथेच मिळाली असती. सध्याचा वेग, किती स्लॉट भरलेत आणि 'फॉर्म फॅक्टर'. तिथे एसओडीआयएमएम असेल तर पट्टी काढता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच डाकलेली आहे; जास्तीचा रिकामा स्लॉट नसेल तर विषय संपला. पातळ लॅपटॉपमधल्या एलपीडीडीआरचं, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या रॅमचं, बहुतेक हेच असतं. उरलेली अर्धी माहिती प्रोसेसरचं पूर्ण नाव टाकून इंटेलच्या किंवा एएमडीच्या तपशील पानावर 'मेमरी टाइप्स'समोर बघायची. आय-५ १०२१०यूला २६६६, ११३५जी७ला ३२००. आणि बोर्ड डीडीआर-४ चा असेल तर डीडीआर-५ ची पट्टी त्यात शिरणारच नाही. पहिलीच्या पिना २६०, दुसरीच्या २६२, खाचही वेगळ्या ठिकाणी. जबरदस्ती करणाऱ्याचा स्लॉट तेवढा तुटेल.

समजा प्रोसेसरने ३२०० मान्य केलं असतं. लॅपटॉप एक तृतीयांशाने वेगवान झाला असता का? मुळीच नाही. रॅमकडे काही मागितलं की ते यायला सुरुवात होईपर्यंत थोडं थांबावं लागतं, आणि हे थांबणं ठोक्यांत मोजतात. २४००च्या साध्या पट्टीला १७ ठोके लागतात, ३२००च्या साध्या पट्टीला २२. ठोका लहान झाला, पण संख्या वाढली. हिशेब केला तर १४.२ नॅनोसेकंदांवरून १३.७५ वर. अर्धा नॅनोसेकंदही वाचला नाही. खरा फरक पडतो तो एकदम भरपूर माहिती ओढणाऱ्या कामांत, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि चित्रंही याच रॅममधून काढायची असतील तेव्हा.

मग बायोसमधून वेग वाढवता येत नाही का, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. डेस्कटॉपवर एक्सएमपी नावाची सोय असते. त्यासाठीच्या डीडीआर-४ पट्ट्या बऱ्याचदा १.३५ व्होल्टवर पळवतात. लॅपटॉपमध्ये मिळतात १.२, आणि बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सोयच नसते. मला त्यात कंजूषपणा दिसत नाही. रॅमचा प्रत्येक कण म्हणजे झिरपणारा माठ. त्यातला विद्युतभार गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळे माठ पुन्हा भरून घ्यावे लागतात. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की गळती वाढते आणि हेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. भरणं चालू असताना त्या भागातून काही वाचता येत नाही. लॅपटॉपमधल्या रॅमला स्वतंत्र पंखा नसतो, आणि मे महिन्यातल्या नागपुरात कूलरचं पाणी संपलेल्या खोलीत तर आपणच धड चालत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये आणखी एक ओळ होती, जिच्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं: दोनपैकी एक स्लॉट वापरात. काढलेली पट्टी टेबलाच्या खणात पडली होती. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली आणि ती जुनी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये तिरपी घालून खाली दाबली. कट्‌ असा आवाज आला. मग सुरू केला तर पडदा काळाच. भाच्याचा चेहराही. पण नवी जोडी दिसली की कंट्रोलर आधी तिची तालीम घेतो. या वेगाला एक बिट तांब्याच्या रेषेवर जेमतेम सहा-सात सेंटीमीटर जागा व्यापतो, त्यामुळे कोणत्या तारेवर संदेश किती उशिरा पोचतो हे त्याला आधी जोखावं लागतं. अर्ध्या मिनिटाने पडदा उजळला.

सोळा जीबी, प्रोसेसरकडे जाणारे दोन मार्ग (चॅनल), म्हणून कागदावर १९.२च्या दुप्पट, सेकंदाला ३८.४ जीबी. सीपीयू-झेडमध्ये चॅनलसमोर 'ड्युअल'. वेगाच्या रकान्यात अजूनही २४००च आहे. भाचा म्हणतो, आता तिकडे बघतच नाही.